स्नायू उडतात आणि मनात भलतंच येतं: तपासणी कुठवर, काळजी कुठवर

पोटरीत कातडीखाली काहीतरी वळवळतं, पापणी चार-चार दिवस लवत राहते, अंगठ्याच्या मुळाशी मांस आपोआप उडतं. एकदोनदा झालं तर माणूस विसरून जातो. आठवडाभर चाललं की तो मोबाइल हातात घेतो आणि पहिल्या काही ओळींतच ‘एएलएस’ हे नाव समोर येतं. हालचाल घडवणाऱ्या नसा मरत जाऊन स्नायू झिजत जातात, असा हा गंभीर आजार. स्टीफन हॉकिंगचा चेहरा आठवतो, २०१४ सालचे डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून घेण्याचे व्हिडिओ आठवतात, आणि त्या रात्रीपासून शरीरावर पहारा बसतो. पुढचा बराचसा त्रास या पहाऱ्याचा असतो, म्हणून स्नायूंइतकंच पहाऱ्याबद्दलही इथे लिहिलं आहे. क्रम मात्र मोडू नका. आधी धोक्याची चिन्हं पाहायची, मग एकदा नीट तपासून घ्यायचं आणि त्यानंतरच भीतीवर काम करायचं. तपासणी न करता मनाला समजावत बसलं तर मन ऐकत नाही, आणि त्याचं तेवढं बरोबरही असतं.

आधी शब्द नीट लावा

डॉक्टरांसमोर ‘पाय कसातरी होतो’ म्हटलं की तपासणी भलत्या वाटेला जाते. आपल्याला नेमकं काय होतंय ते ठरवा. स्नायूचा छोटा भाग थुडथुडतो, पण त्याने हात किंवा पाय हलत नाही, हे झालं उडणं किंवा लवणं. वैद्यकात त्याला फॅसिक्युलेशन म्हणतात. स्नायू दगडासारखा आवळून दुखतो तो गोळा, म्हणजेच पेटका किंवा वांब. कप धरल्यावर हात थरथरतो तो कंप. झोप लागता लागता अंग एकदम दचकतं, तो झोपेतला झटका, आणि तो जवळपास सगळ्यांना येतो. मुंग्या आणि बधिरपणा ही संवेदनेची लक्षणं आहेत. गंमत नव्हे, महत्त्वाची गोष्ट अशी की मुंग्या हे एएलएसचं ठळक लक्षण नाही. तो आजार हालचाल घडवणाऱ्या नसांचा आहे. मुंग्या असतील तर शोध व्हिटॅमिन बी-१२, रक्तातली साखर, दबलेली नस किंवा जोरजोरात घेतलेला श्वास या दिशेने जातो.

उडणं होतं कसं? पाठीच्या कण्यातून निघालेल्या एका मज्जातंतूच्या ताब्यात स्नायूचे अनेक तंतू असतात. मेंदूचा हुकूम नसताना तो मज्जातंतू आपणहून पेटला की त्याचे सगळे तंतू एकदम आकसतात आणि कातडीखाली ठिपका उडाल्यासारखा दिसतो. थकवा, जागरण, चहा-कॉफी आणि ताण यांनी हे मज्जातंतू चटकन पेटू लागतात. बहुतेक निरोगी माणसांना हे कधी ना कधी होतंच. उजवा डोळा लवला तर पुरुषाला शुभ आणि डावा लवला तर बाईला शुभ, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या म्हणतात. निरोगी माणसांत हे लवणं इतकं सर्रास नसतं तर त्याचा शकून झालाच नसता.

आत्ताच्या आत्ता निघायचं, असे प्रसंग

शेतात फवारणी केल्यावर, किंवा फवारलेल्या पिकात काम केल्यावर काही तासांत अंगभर स्नायू उडू लागले आणि सोबत घाम, लाळ, उलट्या, जुलाब, छाती भरून येणं, धूसर दिसणं किंवा डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणं यांपैकी काही असेल, तर ती कीटकनाशकाची विषबाधा समजा. मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं नस आणि स्नायू यांच्यामधला निरोप थांबू देत नाहीत, त्यामुळे स्नायू उडत राहतात आणि शेवटी श्वासाचे स्नायूही थकतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. अशा वेळी अंगावरचे कपडे उतरवा, साबण आणि भरपूर पाण्याने अंग धुवा, उलटी मुद्दाम काढू नका, १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली किंवा तिचं लेबल दवाखान्यात सोबत न्या. अंग धुणाऱ्याने हातमोजे किंवा निदान प्लास्टिकच्या पिशव्या हातात घालाव्यात.

एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, जीभ जड होणं हा पक्षाघात असू शकतो. तिथे उडणं-बिडणं विसरा आणि लगेच मोठं रुग्णालय गाठा.

पंधरा दिवसांत न्यूरॉलॉजिस्टना (मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांना) दाखवायचं, अशी चिन्हं

चालताना एका पायातली चप्पल वारंवार निसटते, किंवा पाऊल जमिनीला अडखळतं. किल्ली फिरवणं, गुंडी लावणं, चकली पिळणं यांसारखं रोजचं काम एका हाताने *होत नाही*. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग एका हातावर स्पष्ट खोल गेला आहे आणि तो दुसऱ्यांनाही दिसतो. बोलणं काही आठवडे अडखळतंय आणि फोनवरच्या माणसांनाही ते जाणवतं. पाणी पिताना ठसका लागतो किंवा पाणी नाकातून येतं. आडवं झालं की श्वास पुरत नाही. प्रयत्न न करता वजन उतरतंय. पापणीबरोबर गाल आणि ओठाचा कोपराही ओढला जातो किंवा डोळा पूर्ण मिटतो. या शेवटच्या चिन्हाचं कारण बहुधा वेगळं असतं आणि त्यावर उपचार आहेत.

या यादीत ‘उडणं’ कुठेच नाही, याकडे लक्ष द्या. एएलएसमध्ये बहुतेकांना आधी जाणवते ती ताकदीची घट. उडणं असतं, पण ते अशक्तपणा आणि स्नायू झिजणं यांच्या जोडीने. क्वचित कुणाला उडणं आधी जाणवतं, पण अशांतही पुढे ताकद घटू लागते आणि ती घट थांबत नाही. म्हणून वर्षभर इथे-तिथे स्नायू उडतायत आणि जिना, दुचाकी, स्वयंपाक, व्यायाम सगळं पूर्वीसारखं चालू आहे, ही मोठी दिलाशाची गोष्ट आहे.

अशक्त ‘वाटणं’ आणि अशक्त ‘असणं’

घाबरलेल्या माणसाला पाय जड वाटतात, हात ढिले वाटतात. ती भावना खरी असते, पण ती ताकदीची मोजणी नव्हे. ताकद कळते काम झालं की नाही यावरून. घरच्या घरी एकदाच, दिवसा, विश्रांतीनंतर एवढं करा:

१. टाचांवर दहा पावलं चाला, मग चवड्यांवर दहा पावलं. तोल जात असेल तर भिंतीला बोट टेकवा.
२. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता पाच वेळा उठा. गुडघे धड असतील तर उकिडवं बसूनही एकदा उठा.
३. दोन्ही हातांनी आळीपाळीने शर्टाच्या गुंड्या लावा आणि बाटलीचं झाकण उघडा.
४. एक परिच्छेद मोठ्याने वाचा.

जमलं? तारीख घालून कागदावर लिहा आणि ही तपासणी पुन्हा करू नका. ‘पुन्हा करू नका’ हा यातला सगळ्यात अवघड भाग आहे. दिवसातून तीस वेळा टाचांवर चालणाऱ्याची नडगी दुखते, पाय थरथरतात, स्नायू थकून आणखी उडतात, आणि तो समजतो की आजार वाढला.

अशीच फसगत आणखी तीन ठिकाणी होते. टेपने दोन्ही दंड किंवा पोटऱ्या मोजल्या तर फरक निघणारच. उजव्या हाताने काम करणाऱ्याचा उजवा दंड थोडा जाड असतो आणि टेप बोटभर वर-खाली सरकली तरी आकडा बदलतो. आरशासमोर जीभ बाहेर काढून धरली की ती थरथरते, सगळ्यांचीच. डॉक्टर जीभ पाहतात ती तोंडात सैल पडलेली असताना. आणि टॉर्चच्या तिरप्या उजेडात कुठल्याही मांडीवर खळगे दिसतात.

डॉक्टरांकडे जाताना

सुरुवात फॅमिली डॉक्टरांपासून केली तरी चालते. अर्ध्या पानाचा कागद न्या: कधी सुरू झालं, कुठे होतं, सोबत काय, झोप किती, चहा-कॉफी किती, आणि चालू असलेलं *प्रत्येक* औषध. दम्याचा साल्ब्युटामॉलचा पंप, सर्दीच्या गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, लिथियम, जिमच्या आधी घ्यायची पावडर, बाजारातली चूर्णं, सगळं लिहा. ॲसिडिटीच्या पँटोप्राझोल-ओमेप्राझोलसारख्या गोळ्या आपल्याकडे वर्षानुवर्षं सहज घेतल्या जातात. त्या दीर्घकाळ घेतल्याने काहींचं मॅग्नेशियम उतरतं आणि ते स्नायू उडण्याचं खरं कारण ठरू शकतं. मधुमेहातलं मेटफॉर्मिन बी-१२ कमी करू शकतं. यातलं कुठलंही औषध स्वतःहून बंद मात्र करू नका.

उडण्याचा वीस सेकंदांचा एक व्हिडिओ पुरे. चाळीस नकोत.

आणि मनातली भीती तोंडाने सांगा: ‘डॉक्टर, मला एएलएस झालाय की काय, अशी भीती वाटते.’ बरेच जण हे लपवतात आणि नुसतं ‘स्नायू उडतात’ म्हणतात. मग डॉक्टर व्हिटॅमिनची गोळी लिहून देतात आणि मनातला प्रश्न तसाच घेऊन माणूस घरी येतो. भीती सांगितली की डॉक्टर त्या दिशेने ताकद, हातोडीने रिफ्लेक्स, तळपायाची प्रतिक्रिया, जीभ आणि स्नायूंचा आकार तपासतात. ही पंधरा-वीस मिनिटांची हाताने केलेली तपासणी कुठल्याही स्कॅनपेक्षा जास्त सांगते. निघण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा: माझी ताकद कुठे कमी आढळली का? रिफ्लेक्स ठीक आहेत का? नेमकं काय झालं तर मी परत यावं? उत्तरं तिथेच कागदावर उतरवा, कारण रात्री दोन वाजता आठवण दगा देते.

रक्ताच्या तपासण्यांत साधारणपणे टीएसएच (थायरॉइडसाठी), कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम-पोटॅशियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), साखर, व्हिटॅमिन बी-१२ आणि डी, आणि सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारा घटक) सांगतात. इथे दोन चुका नेहमी होतात. जिममध्ये जोरदार व्यायाम करून दुसऱ्या दिवशी रक्त दिलं की सीपीके वाढलेलं येतं आणि उगाच घबराट होते. आधीचे चार-पाच दिवस जड व्यायाम टाळा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर थायरॉइडचा अहवाल चुकू शकतो, तेव्हा लॅबला सांगा आणि डॉक्टरांना विचारून निदान दोन दिवस आधी थांबवा. बी-१२ ची इंजेक्शनं ‘अशीच’ घेऊन मग तपासणी केली तर मूळची कमतरता झाकली जाते. आधी रक्त, मग इंजेक्शन.

ईएमजी सगळ्यांना लागत नाही. तपासणीत काही वेगळं आढळलं, किंवा डॉक्टरांना खात्री करायची असेल, तर करतात. स्नायूत बारीक सुई घालून त्यातले विजेचे संकेत पाहतात. टोचतं, एक-दोन दिवस दुखतं. त्या दिवशी अंगाला तेल किंवा क्रीम लावू नका. रक्त पातळ करणारी गोळी किंवा पेसमेकर असेल तर आधी सांगा. अहवालात ‘फॅसिक्युलेशन’ शब्द दिसला म्हणून घाबरू नका. स्नायू उडतो हे तुम्हीच सांगितलं होतं. नस मरत असल्याच्या खुणा वेगळ्या असतात, आणि त्या आहेत की नाहीत हेच पाहायचं असतं. मानेचा-कमरेचा एमआरआय स्वतःहून काढू नका. तिशी-चाळिशीत बऱ्याच जणांच्या मणक्यात थोडी झीज दिसतेच, आणि मग एका भीतीच्या दोन होतात.

आकडे काय सांगतात

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९९३ साली एक पाठपुरावा प्रसिद्ध केला. स्नायू उडतात पण तपासणीत बाकी काही आढळलं नाही, अशा १२१ जणांची त्यांनी पुढे २ ते ३२ वर्षांनी खबर घेतली. एकालाही मोटर न्यूरॉनचा, म्हणजे एएलएससारखा आजार झाला नव्हता. एएलएस मुळात विरळा आहे. पाश्चात्त्य देशांच्या नोंदींत तो वर्षाला लाखात साधारण दोघांना होतो आणि वय वाढेल तसा जास्त दिसतो. याउलट नुसतं उडणं, ज्याला बिनाइन (निरुपद्रवी) फॅसिक्युलेशन म्हणतात, ते महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं रेंगाळतं. ‘बरं व्हायला हवं होतं, अजून का थांबत नाही?’ हा प्रश्न म्हणूनच चुकीच्या गृहीतावर उभा आहे. न थांबणं हा धोक्याचा इशारा नव्हे.

चहा, झोप, श्वास

घरच्या एका कप चहात ३० ते ५० मिलिग्रॅम, फिल्टर कॉफीच्या कपात साधारण ८० ते १०० आणि २५० मिलिलिटरच्या एनर्जी ड्रिंकच्या डब्यात ८० च्या आसपास कॅफिन असतं. निरोगी प्रौढाला दिवसाला ४०० ही वरची मर्यादा मानतात, पण स्नायू उडत असताना २०० च्या आत राहून तीन आठवडे पाहा. एकदम बंद केलंत तर डोकं ठणकेल आणि तेही नवं लक्षण वाटेल. दर तीन दिवसांनी एक कप कमी करा. ऑफिसातला ‘कटिंग’ अर्धा असला तरी सहा कटिंग म्हणजे तीन कप. दुपारी दोननंतर कॅफिन नको, कारण पाच-सहा तासांनीही निम्मं अंगात उरतं.

झोपेत उठण्याची वेळ आधी पक्की करा, झोपण्याची आपोआप बसते. पोटऱ्यांत गोळे येत असतील तर झोपण्याआधी भिंतीला हात टेकून, टाच जमिनीवर ठेवून पोटरी ताणा. प्रत्येक पाय ३० सेकंद, तीन वेळा. मॅग्नेशियमच्या गोळ्यांचा उपयोग मुख्यतः कमतरता असेल तेव्हाच. जास्त झालं की जुलाब होतात आणि मूत्रपिंडाचा विकार असेल तर ते धोक्याचं आहे.

भीतीत माणूस नकळत भरभर श्वास घेतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मुक्त कॅल्शियम थोडं घटतं, आणि ओठांना-बोटांना मुंग्या येऊन स्नायू फुरफुरू लागतात. म्हणजे भीतीने आणलेलं लक्षण भीतीचाच पुरावा बनतं. नाकाने चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर, पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. घाबरल्यावर पहिल्यांदा करायला गेलात तर जमत नाही. शांत असताना सराव करा.

पहारा उतरवणं: चार आठवडे

हे काम तपासणी झाल्यावरच सुरू करायचं. आधी एक प्रयोग करा: दोन मिनिटं डोळे मिटून फक्त उजव्या तळपायाकडे लक्ष द्या. ऊब, सुरसुर, ठोके, काहीतरी सापडेल. ते आधीही होतं, तुम्ही पाहत नव्हता. अंथरुणात उडणं ‘वाढतं’ त्याचं एक कारण हेच: दिवसभराचा गोंगाट थांबतो आणि लक्षाला दुसरं काम उरत नाही.

पहिल्या आठवड्यात काहीच बदलू नका, फक्त मोजा. पण उडणं मोजायचं नाही. इथेच बहुतेक जण चुकतात आणि आज किती वेळा पोटरी उडाली याची वही ठेवतात. ती वही म्हणजे पहाराच. मोजायच्या त्या स्वतःच्या चार कृती: स्नायू दाबून किंवा निरखून पाहणं, ताकद अजमावणं, मोबाइलवर शोधणं, आणि कुणालातरी ‘हे ठीक आहे ना?’ विचारणं. प्रत्येकीसाठी एक रेघ ओढा. एआयच्या चॅटबॉटला विचारलं तर तीही रेघच.

दुसऱ्या आठवड्यात शोधणं पूर्ण बंद. व्हिडिओ सुचवणाऱ्या ॲपवर ‘यात रस नाही’ दाबा आणि शोधाचा इतिहास पुसा, नाहीतर ते व्हिडिओ शोधत तुमच्याकडे येतील. बाकीच्या तीन कृती थांबवायच्या नाहीत, पुढे ढकलायच्या: तपासावंसं वाटलं की १५ मिनिटांनंतर. पंधरा मिनिटांत बऱ्याचदा ओढ ओसरते, आणि ती आपोआप ओसरते हे शरीराला कळणं हाच इथला उपचार आहे.

तिसऱ्या आठवड्यात पहिल्या आठवड्याच्या निम्म्या रेघांवर या. संध्याकाळी सहाच्या सुमारास २० मिनिटं काळजीसाठी राखून ठेवा. दिवसभरात आलेला विचार एका ओळीत टिपून तिथे ढकला. रात्री जेवणानंतर ही वेळ ठेवू नका. चौथ्या आठवड्यात ताकद अजमावणं शून्य, आणि भीतीमुळे सोडलेली एक गोष्ट परत सुरू करा: ट्रेक, बॅडमिंटन, दुपारची वामकुक्षी, काहीही.

सुरुवातीचे काही दिवस भीती वाढते. न तपासल्यामुळे काहीतरी हातून निसटेल, असं वाटतं. खरी ताकद घटली तर ती चप्पल, किल्ली आणि जिना तुम्हाला न शोधता सांगतील. त्यासाठी आरशाची गरज नाही.

घरच्यांनी काय करायचं

‘अगं, काही नाही झालं’ हे दिवसातून दहादा म्हणणं मायेचंच असतं, पण त्याचा असर अर्धा तास टिकतो आणि पुढचा प्रश्न आणखी लवकर येतो. ‘उगाच नाटकं करू नकोस’ हे त्याहून वाईट; उडणं खरं असतं, दिसतंही. दोघांनी मिळून आधीच एक वाक्य ठरवा, उदाहरणार्थ: ‘तुला भीती वाटतेय हे मला दिसतंय. उत्तर कागदावर लिहिलंय. चल, खाली एक चक्कर मारून येऊ.’ आणि मग खरंच चक्कर मारा.

एवढ्याने भागलं नाही तर

चार आठवड्यांनंतरही दिवसाचा तासाहून अधिक वेळ याच विचारात जात असेल, काम किंवा झोप बिघडली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा सीबीटी (विचार आणि सवयी बदलण्याचा, बोलण्यातून होणारा उपचार) करणारे मानसशास्त्रज्ञ गाठा. साधारण ८ ते १६ सत्रांचं हे ठरावीक पद्धतीचं काम असतं. डॉक्टरांनी एसएसआरआय गटातली (चिंता आणि नैराश्यावरची) गोळी दिली तर परिणाम दिसायला ४ ते ६ आठवडे लागतात. सुरुवातीला बेचैनी आणि उडणं थोडं वाढू शकतं, हे आधी माहीत असलं तर चौथ्या दिवशी गोळी फेकली जात नाही. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं वाटत असेल तर चार आठवडे मोजू नका, आजच फोन करा.

सगळं शांत झाल्यावरही तापानंतर, लग्नघरातल्या जागरणानंतर, परीक्षेच्या आठवड्यात पोटरी पुन्हा उडेल. तेव्हा डॉक्टरांची उत्तरं उतरवलेला तो कागद काढा. ‘काय झालं तर परत यावं’ याच्या उत्तरातलं काही नव्याने दिसतंय का, एवढंच एकदा वाचा. दिसत असेल तर डॉक्टरांची वेळ घ्या. नसेल तर कागद घडी करून जागेवर ठेवा, त्या दिवशीचा संध्याकाळचा चहा टाळा आणि नेहमीच्या वेळेला झोपा.